तीन सेकंदांचा ळ

नावाचं पहिलं अक्षर सगळेच घेतात.
मी मधलं घेतलं, पळसुलेमधला ळ.
ज्याच्यापासून मराठीत काही सुरू होत नाही
तो माझ्या प्रत्येक फिल्मच्या सुरुवातीला येणार:
काळा पडदा, तीन सेकंद, मग काम.

नेरूळ, रात्रीचा दीड.
खालच्या पिठाच्या गिरणीला कुलूप,
समोरच्या टॉवरवर लाल दिवा उघडमीट करतोय
आणि स्क्रीनवर माझा ळ,
फोटोसाठी उभं केलेल्या मुलासारखा,
हात कुठे ठेवायचे ते न कळून.

हल, म्हटलं त्याला.
हलला नाही.
मग उसळवला, कोसळवला,
उतारावरून घरंगळू दिला,
काचेवरून ओघळू दिला,
आणि माऊस हातात तसाच राहिला:
या सगळ्या क्रियापदांत तो आधीच बसलाय.
फक्त हलण्यात नाही.
वळ, म्हटलं.
वळला.

आवाज मिळेना.
विकतच्या साठ्यात चौदा हजार आवाज,
झुप्प, टुंग, काचेचे, पत्र्याचे,
कुठलाही लावा, ळ एखाद्या बँकेची जाहिरात होतो.
आणि त्याचा स्वतःचा आवाज तर इथे रोज थोडा थोडा गळतोय.
रिक्षावाला म्हणतो नेरुल, कलवा, तलोजा.
वाशीचा क्लायंट म्हणतो पलसुले मॅडम.
इंग्रजी पाट्यांवर त्याला खुर्चीच नाही,
ल-च्या मांडीवर बसून प्रवास करतो.

सकाळी बाबा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले.
ठाणे-बेलापूर रोडवरच्या कारखान्यात
अडतीस वर्षं ड्रॉइंग ऑफिस.
"हा ळ नाही. हा आठ आडवा पडलाय.
दोन वाट्या शेजारी ठेवल्या की ळ होतो का?
रेघेने रेघ ओलांडली पाहिजे. गाठ कुठंय?"
आणि हवेत बोटाने काढून दाखवला,
काढता काढता म्हणालेही,
ळ,
टक्.

कवळी नवी. अकरा दिवसांची.
जीभ वर वळते आणि टाळूऐवजी प्लास्टिकवर आपटते.
बाबा ओशाळले.
"डॉक्टरीणबाई म्हणतात, सवय होईपर्यंत ळ टाळा.
आता टाळा म्हणायलाही तोच लागतो."

मायक्रोफोनला पायमोजा घातला.
प्रतिध्वनी नको म्हणून कपाट उघडून
आईच्या साड्यांकडे तोंड करून त्यांना उभं केलं.
म्हणा, केळं.
केळं. टक्.
कपाळ. पोळपाट. सकाळ. तळपाय.
खाली गिरणी सुरू झाली, थांबलो,
गिरणी थांबली, पुन्हा.
एकोणिसाव्या वेळी मी काही सांगितलंच नव्हतं.
ते साड्यांना म्हणाले, मंगळा.
रेशनकार्डावर, दवाखान्याच्या कागदांवर,
सगळीकडे ती मंगला होती.

तो तुकडा मी पुसला नाही.
वापरलाही नाही.
त्याला वेगळं फोल्डर केलं, नाव न देता.

घेतला तो केळ्यातला, सातवा.
आता काळ्या पडद्यावर डावीकडून एक रेघ येते,
पोट धरते, खाली वळते,
स्वतःलाच ओलांडते,
आणि ओलांडते त्या क्षणी, टक्,
कोणीतरी कुलपात किल्ली फिरवल्यासारखं.
वाशीच्या क्लायंटने विचारलं, कुठल्या लायब्ररीचा आहे.
म्हटलं, घरचा आहे.

महिन्याभरात बाबांची जीभ सरावली.
आता ते केळं म्हणतात आणि नुसतं केळं ऐकू येतं,
गोल, ओलं, पूर्वीसारखं.
मला बरं वाटतं.
तरी कधीतरी जेवताना मी विचारते, आज भाजी कुठली,
आणि कान देऊन बसते:
दोडका म्हणतात,
की पडवळ.